दारसाचा पडसाद

१

रोज सकाळी साडेआठला इमास पुढच्या खोलीची फरशी पुसायची, ती वाळेपर्यंत उंबऱ्यात उभी राहून कॉफी प्यायची आणि मग टेबलाशी बसून सोल्डरिंगची गन तापत ठेवायची. गन तापली की तो ओळखीचा कडवट धूर नाकात शिरायचा आणि तिचा दिवस सुरू व्हायचा. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराच्या पूर्वेला, दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरावं अशा अरुंद गल्लीत तिचं घर होतं. पुढे ही कामाची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे दोन लहान खोल्या आणि परसदार.

ती गिटारची पेडलं बनवायची. पायाने दाबायची ॲल्युमिनियमची डबी, एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने ॲम्पकडे, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीकडे, बाहेर, आणि मधल्या चार इंचांत आवाजाचं काहीतरी व्हायचं. कुठे तो फाटायचा, कुठे थरथरायचा. अकरा वर्षं तिने एका ॲम्पच्या कारखान्यात ओळीत बसून सोल्डरिंग केलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बाया शिवणाकडे वळल्या. इमास मात्र हेच करत राहिली. शहरातली बँडवाली पोरं तिच्याकडे यायची आणि तिला आदराने तेह इमास म्हणायची.

गिटार तिच्या आयुष्यात आणली ती दारसाने. तो तिचा थोरला भाऊ. ती त्याला कांग म्हणायची आणि तो तिला अजून नेंगच म्हणायचा, लहान बहिणीला म्हणतात तसं, चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी. सव्वीस वर्षं तो लग्नांतून गिटार वाजवत हिंडला. दोन वर्षांपूर्वी असाच एका लग्नात, ऐन गाण्यात, त्याचा डावा हात गिटारच्या गळ्यावरून घसरला आणि खाली लोंबत राहिला. अर्धांगाचा झटका होता. पाय परत आला, तोंड सरळ झालं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तेवढी आली नाहीत.

तेव्हापासून गिटार खिळ्याला आणि दारसा परसदारच्या पायरीवर. तिथे बसून तो कांदे सोलायचा आणि पिंजऱ्यातल्या बुलबुलला शीळ घालायचा.

"कांग, दोन बोटं गेली तर दोन चालतात ना?" इमास म्हणायची.

"दोन बोटांनी सिगरेट धरतात, नेंग. गिटार नाही."

"मग सिगरेट तरी नीट धरा. परवा लुंगीला भोक पाडलंत."

तो हसायचा. पण बहिणीला कळतं, हसणं पोटातून येतंय की नुसतं ओठांतून.

२

म्हणून तिने त्याच्यासाठी पडसादाचं पेडल करायचं ठरवलं. त्याने एक सूर छेडायचा आणि तो सूर थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा परत यायचा. दोन बोटांना पुढचा सूर गाठायला जो वेळ लागतो, तो असा भरून निघाला असता. आजवर तिने दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून पेडलं केली होती. हा आराखडा तिचा स्वतःचा होता. रेघांच्या वहीत तिने तो सात वेळा काढला, सहा वेळा खोडला.

त्यात सगळी करामत एका चिपची असते. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून पाण्याची बादली हातोहात पुढे देतात, तसंच त्या चिपच्या आत आवाजाचं होतं. चार हजार शहाण्णव हात. एका टोकाला आवाज ओतायचा, दुसऱ्या टोकाला तो एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. वाटेत थोडं सांडतंच. म्हणून पहिला पडसाद किंचित मऊ, दुसरा आणखी मऊ, तिसरा धुक्यात गेल्यासारखा. लांब जाणाऱ्या माणसाच्या हाकेसारखा. तसल्या चिपा आता नव्या मिळत नाहीत. बाजारात सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्या को आहिनने काउंटरखालच्या डब्यातून एक जुनी शोधून दिली होती.

इमासने तांब्याच्या पत्र्यावर रेघा आखल्या, तो तपकिरी द्रावात बुडवून ट्रे झुलवत बसली. नको तेवढं तांबं विरघळून गेलं, रेघा उरल्या. भोकं पाडली. एकेक भाग बसवला. डबीवर तीन बटणं लावली: किती उशिरा, किती वेळा, किती मोठ्याने.

बुधवारी दुपारी जेवणानंतर तिने वायरी जोडल्या आणि अंगठ्याच्या मऊ बाजूने मधली तार छेडली.

सूर आला. त्यामागून पहिला पडसाद, मऊ, हवा तसा. तिला बरं वाटलं. मग दुसरा. मग तिसरा, आणि तिची मान वर झाली.

तिसरा पडसाद स्वच्छ होता. पहिल्यापेक्षाही. आणि त्यात सुराच्या अगदी सुरुवातीला एक बारीकसा 'टिक्' होता. नख तारेला लागल्याचा.

इमासने आपला अंगठा पाहिला. सोल्डरिंग करणारी बाई नखं वाढवत नाही.

तिने पुन्हा छेडलं, पुन्हा तेच झालं. तिने झाकण उघडलं, मीटर लावून भाग न् भाग तपासला. आवाजाची धार कमी करायला घातलेले दोन कॅपॅसिटर काढून नवे बसवले. सगळं आराखड्यात होतं तसंच होतं. त्या आराखड्याप्रमाणे आवाज लांब जायला हवा होता. येत होता तो जवळ.

"कान थकले असतील," ती स्वतःशी म्हणाली. सकाळपासून एकच तार ऐकली तर कुणाचेही थकतील.

३

दारसाला खुर्चीत बसवायला तिला अर्धा तास आर्जवं करावी लागली. शेवटी त्याने गिटार मांडीवर घेतली, रुसलेल्या माणसासारखी.

"एकच सूर," ती म्हणाली. "मग उठा हवं तर."

त्याने एक सूर वाजवला. तो परत आला, पुन्हा आला, पुन्हा आला. दारसाने डबीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हे तू केलंस?"

"नाही, शेजारच्या बू एतींनी केलं. भात शिजता शिजता."

तो खदखदून हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, पोटातून. मग त्याने जुनं एक लग्नातलं गाणं सुरू केलं, हळू, दोन बोटांनी. जिथे तिसरं बोट लागायचं तो सूर गाळून तो पुढे जात होता. इमास दारात उभी राहून ऐकत होती, डोळे भरून आले होते. त्यामुळे तिला कळायला जरा वेळ लागला.

गाळलेला सूर पडसादात होता.

पहिल्यात नव्हता, दुसऱ्यात होता की नाही ते नीट समजलं नाही. तिसऱ्यात होता. ठसठशीत. पाचही बोटं धड असलेल्या माणसाने वाजवावा तसा.

"कांग, तो मधला सूर..."

"ऐकलास ना?" दारसा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "काय देतो गं हा! आपण विसरलो तरी हा देतो."

सूर एकमेकांत मिसळले की न वाजवलेला सूरही ऐकू आल्यासारखा होतो, हे कारखान्यात तिने शिकलेलं होतं. तिने तेच त्याला समजावून सांगितलं. तो मान डोलावत राहिला, पण त्याचं लक्ष डबीकडे होतं.

४

त्यानंतर दारसा रोज वाजवू लागला. इमासने टेबल स्वयंपाकघरात हलवलं, पुढची खोली त्याला दिली. नाश्ता झाला की तो आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. दुपारच्या अजानपर्यंत गिटार चालायची. गल्लीतून जाणारा भाजीवाला गाडी थांबवून ऐकायचा. पोरं म्हणायची, तेह, तुमचे भाऊ बरे झाले की!

बरा झालाही होता, म्हणावं तर. खात होता, झोपत होता, चिडचिड नव्हती.

एवढंच की इमासला त्याचं बोलणं दोनदा विचारावं लागायला लागलं.

"काय म्हणालात?"

"मीठ दे म्हटलं."

ओठ हलताना दिसायचे, शब्दही कळायचे, पण आवाज मात्र उशीआडून आल्यासारखा. श, स, च या अक्षरांची धारच गेलेली. झटक्याने जीभ जड झाली असेल, असं तिने मनाशी ठरवलं. मग एकदा तो तिच्या मागून स्वयंपाकघरात आला आणि ती दचकली. दारसाच्या लाकडी सपाता अख्ख्या गल्लीला माहीत होत्या, टाक टाक वाजायच्या. आजही पायात त्याच होत्या. तिने मुद्दाम त्याला पाण्याचा तांब्या आणायला परसात पाठवलं आणि कान देऊन उभी राहिली. सपाता वाजत होत्या, पण तीन घरांपलीकडे कुणी चालावं तशा.

बुलबुलनेही ते ओळखलं असावं. दारसा पिंजऱ्यासमोर उभा राहून शीळ घालायचा, पक्षी वळून बघायचा नाही. तो दिवसभर पुढच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा.

सोमवारी सकाळी ती दारसाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. निघताना पेडलची वायर तिने स्वतः काढली, ॲम्प बंद केला, गिटार खिळ्याला अडकवली, दाराला कुलूप घातलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दारसाच्या छातीला नळी लावली, सरकवली, पुन्हा लावली. मग नळी स्वतःच्या छातीला लावून पाहिली.

"जोरात श्वास घ्या, पाक," त्या आदराने म्हणाल्या.

दारसाने घेतला.

"आणखी जोरात." त्यांनी मेजाच्या खणातून दुसरी नळी काढली. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. "ठोके आहेत," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर ओशाळल्यासारख्या हसल्या. "म्हणजे, असणारच. पण फार लांबून येतात. रक्तदाब उत्तम आहे. वजनही वाढलंय. काळजी करू नका."

येताना दारसा मिनिबसच्या खिडकीशी बसून मांडीवर बोटं हलवत होता. चारही बोटं, शेवटची दोन धरून. इमासने हात पुढे करून ती धरली. तिच्या हातात येताच ती पुन्हा लुळी पडली.

५

गल्लीच्या तोंडाशी बू एती कपडे वाळत घालत होत्या.

"तेह इमास, तुमच्या भावाने आज माझा भात करपवला!" त्या लांबूनच ओरडल्या. "इतकं सुरेख वाजवत होते, मी आपली भिंतीला कान लावून बसले. चूल विसरलेच."

"आज?" इमास म्हणाली.

"आत्ता आत्तापर्यंत! थांबलेत जेमतेम..." बू एतींची नजर इमासच्या मागे गेली. तिथे दारसा उभा होता, हातात दवाखान्याचा कागद. बू एतींच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला. "अगंबाई. मग रेडिओ असेल कुणाचा," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने आत गेल्या.

दाराला कुलूप होतं. पुढची खोली जशी सोडली तशी होती. ॲम्प बंद, पेडलची वायर जमिनीवर, गिटार खिळ्याला. खिडकीतून येणारा उजेड राखाडी, डोंगरावरचं धुकं खाली उतरलेलं. इमास गिटारपाशी गेली आणि तारांवर हलकेच तळवा ठेवला.

खालची जाड तार थरथरत होती. हाताखाली विझत गेली, मग थांबली.

दाराचा हादरा, तिने स्वतःला सांगितलं. कुलूप काढताना दार ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती को आहिनच्या दुकानात गेली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे जेवढं तिने सांगितलं तेवढं. पडसाद मळायच्या ऐवजी उजळतो, एवढंच ती बोलली.

"चिप काय करते, इमास? घेते आणि पुढे देते. स्वतःचं काही घालत नाही."

"आणि रांगेत कुणी जास्तीचा उभा राहिला तर, को?"

म्हातारा हसला. "तुला झोप मिळत नाही वाटतं. ते जाऊ दे, दारसा एकदम खडखडीत बरा झाला, हे चांगलं झालं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. परवा फोन आला होता. काय आवाज! विशीतल्यासारखा. मी म्हटलं, अरे बाबा, फोन तोंडापासून लांब धर. तुझं फार कौतुक करत होता. नेंगने मला वाट करून दिली, म्हणाला. लवकरच बाहेर पडेन म्हणतो, म्हणाला."

को आहिनने फोन काढून दाखवला. दारसाचाच नंबर होता. दारसाचा फोन दोन वर्षांपासून इमासच्या कपाटात, तिच्या बाटिकच्या कापडांखाली पडून होता, फुगलेल्या बॅटरीसकट. घरी येऊन तिने तो काढून पाहिला. तसाच होता. मागचं झाकणही नीट लागत नव्हतं.

६

त्या दिवशी तिने दार न वाजवता पुढच्या खोलीत पाऊल टाकलं.

दारसा खुर्चीत बसला होता. गिटार मांडीवर होती, हात मात्र दोन्ही गुडघ्यांवर. आणि ॲम्पमधून गाणं चाललं होतं, तेच जुनं लग्नातलं. भरघोस, एकही सूर न गाळलेलं. दारसा डोळे मिटून ऐकत होता.

"कांग."

गाणं थांबलं. एकदम नाही. वाजवणाऱ्याने मान वर करून पाहावं, तसं थांबलं.

"तुम्ही वाजवत नव्हतात," इमास म्हणाली.

"आता मी लागत नाही," दारसा म्हणाला. तिला त्याच्या तोंडाजवळ वाकावं लागलं. "सुरुवातीला सूर द्यावा लागायचा. आता तोच वाजवतो. मी ऐकतो."

"तो कोण?"

"मीच की. हात धड असलेला."

"मग माझ्यासमोर बसलाय तो कोण?"

दारसाने बराच वेळ विचार केला. लहानपणी तिने गणित विचारलं की करायचा तसा, प्रामाणिकपणे.

"हा तुझ्या वाटणीला आलेला," तो म्हणाला.

इमासला रडू फुटलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताचं वजन होतं, ऊबही होती. "रडू नकोस गं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी त्या पायरीवर बसून काय करत होतो? कांदे. तूच म्हणायचीस ना, वाजवा, वाजवा."

"मी हे असं नव्हतं म्हटलं."

"मग कसं?"

इमासने डोळे पुसले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

७

शुक्रवारी दुपारी चारला, अजान होऊन गेल्यावर, दारसा अंघोळीला गेला. परसातून पाण्याचा आवाज येत होता, लांबून येतो तसा. इमासने खिशात बारका स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि पुढच्या खोलीत गेली.

ॲम्प बंद होता. तिने त्याची वायर भिंतीतून उपटून काढली, गिटारची वायर काढली, पेडल उचलून खिडकीपाशी आणलं. चार स्क्रू. ते तिने सराईतपणे काढले. कारखान्यात तिच्या हातांचं कौतुक व्हायचं. झाकण निघालं आणि आत तिचंच काम दिसलं. सरळ रेघा, चमकणारे ठिपके, मधोमध ती काळी चिप. कुठे काही वावगं नव्हतं. तिने चिपच्या एका कडेखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं. जरासं उचललं की निघणार होती.

"नेंग, थांब."

आवाज ॲम्पच्या कोपऱ्यातून आला. इतका स्वच्छ की बोलण्याआधी आत घेतलेला श्वासही ऐकू आला. दारसाचा आवाज. झटक्याआधीचा. तिला सायकलवर पुढे बसवून पहिलं गाणं शिकवणाऱ्या दारसाचा.

ती गर्रकन वळली. दारात दारसा उभा होता. ओले केस, खांद्यावर टॉवेल. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मग ते उघडलं. "नेंग, थांब," तो म्हणाला, उशीआडून.

मधला अवकाश तिला पाठ होता. एक तृतीयांश सेकंद. तो तिने स्वतःच्या हाताने, बटण फिरवून फिरवून, भावाच्या दोन बोटांच्या मापाने लावला होता.

इमास स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून राहिली. कुठलंही पेडल उपटून काढलं तरी मूळ सूर राहतो. वाजवणारा वाजवतच असतो. जातात ते पडसाद. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि आत्ता मागून आला होता तो दारातला आवाज.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. टॉवेलमधून पाणी गळून फरशीवर पडत होतं, थेंबाचा आवाज मात्र होत नव्हता.

"काय करतेस?" दारसाने विचारलं. त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, तेच कोपऱ्यातही विचारलं गेलं.

"काही नाही," ती म्हणाली. "धूळ साचली होती."

आणि तिने झाकण ठेवून चारही स्क्रू परत घट्ट बसवले.

८

शनिवारी तिने आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे तळलं, मिरचीचा ठेचा वाटला, दारसाला आवडतात तसे चिंचेच्या आमटीत शेंगांचे मोठे तुकडे घातले. रात्रभर विचार करून तिने एवढंच ठरवलं होतं: आहे तो भाऊ सांभाळायचा. लांबून का होईना, ठोके आहेत. ऐकू कमी येतं तर जवळ बसायचं. माणसं याहून कमीवर दिवस काढतात.

दारसा पायरीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. बुलबुल भिंतीकडे तोंड करून. इमासने चिनी मातीच्या दोन ताटल्या काढल्या, भात वाढला आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

"कांग, जेवायला चला!"

हाक पुढच्या खोलीतून आली. बाईचा आवाज. मोकळा, खणखणीत, कारखान्याच्या धुराने घसा खरवडण्याआधीचा. तो ओळखायला तिला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज आपण असा बाहेरून कधी ऐकत नाही.

मग तिच्या घशातून शब्द निघाले. तेच. "कांग, जेवायला चला." तिला स्वतःलाच जेमतेम ऐकू आले.

दारसा उठला. हसतमुखाने आत आला, तिच्या अगदी जवळून गेला. त्याच्या ओल्या केसांचा साबणाचा वास तिला आला. "आलो, नेंग," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. पुढच्या खोलीचं दार उघडून तो आत गेला आणि दार लागलं.

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताटल्या मांडल्याचा. मग बोलणं, भावाबहिणीचं, एकमेकांना टोचणारं, दोघेही ठणठणीत. काहीतरी विनोद झाला आणि दोघं हसली.

इमास स्वयंपाकघरात दोन्ही हातांत ताटल्या घेऊन उभी होती. "कांग," तिने हाक मारली. जितकं ओरडता येईल तितकं ओरडून.

पुढच्या खोलीत ताटली फुटल्याचा आवाज झाला, लख्ख, कानाजवळ फुटावी तसा.

मग तिच्या हातातली सुटली.